समोरच्या दुकानातली चकाकी

चाकाच्या रिमला क्रोम चढला, की ती उन्हात धरून तो आधी स्वतःची मिशी विंचरायचा. मिशीचा केस न् केस नीट दिसला तरच काम पास. जरा पुसट दिसली, की “मिशी फुटली गड्या” म्हणायचा आणि सगळा मुलामा उतरवून पुन्हा पहिल्यापासून घासायला बसायचा.

त्याचं नाव सांगत नाही; आमच्या घरात ते फार घेऊन झालंय. तो मूळचा कुंडलचा. सांगलीत आमच्या आण्णांच्या हाताखाली आम्ही दोघे बरोबरच हे काम शिकलो. मुलगा मी, पण आण्णा मलाच म्हणायचे, “त्येच्याकडं बघ जरा.” पुढे जन्मभर तेच करत बसलो, कारण त्याने दुकान टाकलं ते नेमकं माझ्या समोर.

जळायचो मी, खोटं कशाला बोलू? एकदा पाटणचा एक नवरदेव त्याच्यावर वैतागून माझ्याकडे आला. वरात तोंडावर आली होती आणि बुलेटचा सायलेन्सर हा काही देत नव्हता. मी म्हटलं, आणा इकडे, उद्या करून देतो. तर म्हणाला, नको, त्यांच्याच हातचा पाहिजे, थांबतो. आणि माझ्याच खुर्चीत बसून माझाच चहा प्यायला. तुम्हीच सांगा, माणसाने जळू नये तर काय करावं?

बरं, भांडावं तर तेवढीही सोय नाही. माझ्या मुलाम्याच्या टाकीतलं निकेलचं पाणी बिघडलं, की न बोलावता यायचा. “लय तापवलंयस” म्हणत सगळं मार्गी लावायचा आणि जाताना आण्णांच्या पाया पडायचा. ते पाया पडणं मला सगळ्यात जास्त टोचायचं.

गेल्या उन्हाळ्यात छातीच्या दुखण्याने तो गेला. मी खांदा दिला. आता त्याची गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात.

आण्णांना हल्ली दिसत नाही, आणि कोण आहे, कोण गेलं, हेही ध्यानात राहत नाही. परवा एक रिम अशी उतरली, की तशी माझ्या हातून आजवर उतरली नव्हती. मुद्दाम घरी नेली, त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी कडेकडेने अंगठा फिरवला. चेहरा खुलला.

“कुंडलच्या पोराचा हात हाय ह्यो,” ते म्हणाले. “दुसऱ्याला जमायचं न्हाई.”

माझा आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं.

“भायेर का हुबा ऱ्हायलाय त्यो? म्हणावं, च्या पिऊन जा.”

“सांगतो,” मी म्हणालो.