शिवकन्या मॅडमची शाल

भोकरदनच्या आमच्या शाळेत शिवकन्या मॅडम कॉम्प्युटर शिकवतात. तालुक्यातल्या पोरांसाठी ऑनलाइन स्पर्धा ही त्यांचीच कल्पना. भाड्यानं मोठा सर्व्हर घ्या, असं त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांना परोपरीनं सांगितलं. "गावात लाइट आली की सगळी पोरं एकदमच येतील, साहेब. लहान सर्व्हर डाउन होईल."

अध्यक्षांना शाली कळतात, सर्व्हर कळत नाही. "स्पर्धा दिवसभर खुली हाये ना? येतील पाळीपाळीनं. खर्चा कमी करा." वाचलेल्या पैशात सत्काराच्या शाली आल्या.

स्पर्धेच्या सकाळी गावोगाव लाइट नव्हती, टॉवर बंद. दुपारी लाइट आली, सगळी पोरं एकदम घुसली आणि सर्व्हर डाउन झाला. हसनाबादची मोनिका फोनवर रडत होती, "मॅडम, सगळं सोडवल्तं मी. काहीच सेव्ह झालं न्हाई."

पहिला आला अध्यक्षांचा नातू. त्याच्या घरी इन्व्हर्टर आहे, वायफाय आहे. त्यानं सकाळीच पेपर सोडवला होता.

बक्षीस समारंभात 'यशस्वी आयोजना'बद्दल अध्यक्षांनी मॅडमच्या खांद्यावर शाल टाकली. नोकरी आहे, आम्ही टाळ्या वाजवल्या. समोर बसलेल्या मोनिकानं हात उचलला नाही. तिच्या लेखी पेपर मॅडमनीच घालवला होता, आणि वर शाल घेतली होती.