हॉल्टमागचे घर

नोकरी संपून बरीच वर्षे झाली, तरी येलहंक्याच्या रेल्वे मेळ्यातली ती दुपार आठवली की अजून अंगावर काटा येतो. त्या प्रकरणातल्या माणसांची मुलेबाळे आज बंगळूरमध्ये आहेत, म्हणून कुणाचेही नाव देत नाही.

साठच्या दशकाचा मध्य असेल. मी त्या भागात सब-इन्स्पेक्टर होतो. येलहंक्याहून चिक्कबळ्ळापूरकडे जाणारी छोटी गाडी, म्हणजे नॅरोगेज, तेव्हा चालू होती. चढावर ती इतकी सावकाश चाले की पोरे उतरून चिंचा वेचत आणि पळत येऊन पुन्हा चढत. लोकांचा तिच्यावर जीव होता. तिच्या कौतुकाचा म्हणून हा मेळा. जुनी इंजिने धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून यार्डात उभी केली होती. एक गाडी लोकांना पुढच्या हॉल्टपर्यंत फिरवून आणत होती. मालधक्क्याशेजारच्या शामियान्यात हौशी मंडळींनी आपापल्या खेळण्यातल्या आगगाड्या मांडल्या होत्या. काही चावीच्या, काही विजेच्या, एक तर खरी वाफ सोडणारी.

माझ्याकडे बंदोबस्त होता. अशा गर्दीत सगळे गाडी बघतात. जो गाडी बघत नाही, त्याच्यावर पोलिसाने नजर ठेवायची, असे आम्हाला शिकवलेले. त्या दुपारी एक पन्नाशीकडे झुकलेली बाई एका टेबलापुढे खिळून उभी होती. खेळण्यातली गाडी तिच्यासमोरून गोल फिरत होती, पण बाईंची नजर दुसरीकडेच होती. मी जवळ गेलो तशा त्यांनी माझी बाही धरली आणि कानडीत म्हणाल्या, "साहेब, हे कुणी केलंय?" माझ्या छातीवरचे आडनाव वाचून लगेच मराठीवर आल्या. "हे आमचं घर आहे. आम्ही लहान होतो तेव्हाचं."

टेबलावर एक हॉल्ट, म्हणजे चिमुकले स्थानक, मांडला होता. त्यामागे कौलारू घर, ओसरीवर झोपाळा, छपरावर कललेला शेवगा आणि त्याला लावलेला दुबेळक्या फांदीचा टेकू. अंगणात बोटाच्या पेराएवढी कागदाची एक मुलगी, कडेवर पायाला पट्टी बांधलेला मुलगा.

"अक्का, अशी घरं खूप असतात," मी म्हणालो.

"स्वल्प नीट बघा. त्या पोरीचे केस बघा."

मी वाकून बघितले. मुलीला एकाच बाजूला वेणी होती. दुसऱ्या बाजूचे केस कानाशी कापलेले.

"ती मी. कंदील उलटून अंथरूण पेटलं होतं. धाकट्याला उचलून बाहेर पळाले, तेव्हा वेणी जळाली. त्याचा पाय भाजला. तो बरा होईपर्यंत मीच त्याला कडेवर घेऊन फिरायचे. याचा फोटो नाही. आईवडील गेले. हे आठवणारे आम्ही दोघंच उरलो होतो. आणि माझा तम्मा सहासात वर्षांपूर्वी याच गाडीखाली गेला."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मीही त्याला तम्माच म्हणतो.

टेबलामागे म्हैसूरचा एक खेळण्यांचा दुकानदार बसला होता. हसरा, गप्पिष्ट माणूस. मी सहज विचारल्यासारखे विचारले. तो अभिमानाने म्हणाला, "माझ्या जावयाचं काम, साहेब. हातात जादू आहे. विकायचं नाही, दाखवायचं नाही म्हणत होता. मी गुपचूप उचलून आणलं. लोकांनी वाहवा केली की घरी जाऊन सांगणार."

"जावई आले नाहीत?"

"बंगळूरचं नाव काढलं की त्याचं डोकं दुखतं!"

जावयाच्या पायावर काही खूण आहे का, असे मी विचारले. दुकानदाराचे हसू तिथेच थांबले. "उजव्या पायावर भाजल्याचा डाग आहे. का हो?"

अक्कांनी टेबलावरच्या त्या मुलाच्या पट्टीवर बोट ठेवले. तम्मा जिवंत असेल, तर त्याच्या नावाने जाळलेला माणूस कोण?

ठाण्यावर जुनी नोंद अकस्मात मृत्यूची होती. तम्मा शहरातल्या एका कारखान्यात फिटर होता. संध्याकाळच्या गाडीखाली सापडलेल्या प्रेताचा चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. अंगावरचा कोट आणि मनगटावरचे घड्याळ तम्माचे. बायकोने प्रेत ओळखले, अक्का परगावाहून पोहोचण्याआधी दहन झाले आणि प्रकरण मिटले. मला मात्र एक गोष्ट खटकली. जिच्यातून पोरे उतरून चिंचा वेचतात, त्या गाडीपुढून धडधाकट माणसाला बाजूला होता आले नाही?

वरिष्ठांची परवानगी घेऊन मी हेड कॉन्स्टेबलबरोबर म्हैसूर गाठले. दुकानदाराला आम्ही नजरेआड होऊ दिले नव्हते. तोच आम्हाला दुकानाच्या मागच्या खोलीत घेऊन गेला. तम्मा खिडकीशी बसून चिमट्याने एका छोट्या डब्याला चाक बसवत होता. खाकी कपडे दिसताच त्याने चाक जपून बशीत ठेवले, मग उठला. दारात त्याची बायको मूल घेऊन उभी होती. "काय झालं?" असे ती वडिलांना विचारत होती आणि वडील तिच्याकडचे मूल आपल्या कडेवर घेत होते.

चौकशीत त्याने आवाज चढवला नाही. संसाराला विटून घर सोडले, म्हणाला. कोट आणि घड्याळ येलहंक्याच्या धर्मशाळेत चोरीला गेले. कुणी गाडीखाली मेले हे त्याला ठाऊकच नव्हते. "चोरच मेला असेल, साहेब. मी कसं सांगू?" दुसरे लग्न केले ही चूक झाली, एवढेच त्याने कबूल केले. पुन्हा पुन्हा विचारले तरी शब्द तेच, क्रमही तोच. खरे सांगणारा माणूस दर वेळी थोडा चुकतो, अडखळतो, मागे जातो. हा कुठेच अडखळत नव्हता.

अक्का रोज ठाण्याच्या व्हरांड्यात येऊन बसत. मला भावाला एकदा भेटू द्या, एवढेच मागत. शेवटी मी त्यांना आत घेतले.

त्याला बघून त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "पाय दाखव."

त्याने चप्पल काढून पाय पुढे केला. अक्कांनी वाकून त्या डागावर हात ठेवला, तो तसाच ठेवून वर बघितले. "तुझ्या दहाव्याला कावळा शिवेना म्हणून मी उन्हात बसून राहिले होते. तुला काय काय कबूल केलं मी तेव्हा! मग मी कुणाला रडले रे तम्मा?"

तो हुंदके देऊ लागला. "नको रडू अक्का. तो कुणाचाच नव्हता. घरी भांडून आला होता. तो कुठे गेलाय हे कुणालासुद्धा माहीत नव्हतं."

लिहून घेणाऱ्या हेड कॉन्स्टेबलचा हात थांबला. अक्कांनी पायावरचा हात असा काढला की जणू तो पाय अजून पेटलेला आहे.

"हे तुला त्याने कधी सांगितलं?" मी विचारले.

मग सगळे बाहेर आले. दुकानदाराच्या मुलीशी लग्न ठरवताना आपण एकटे आहोत असे याने सांगितले होते. घरी बायको होती. त्याच सुमारास हॉल्टवर कामाच्या शोधात आलेला एक माणूस भेटला, साधारण याच्याच अंगलटीचा. याने त्याची चौकशी केली. घर कुठे, कोण वाट बघते. आनेकलचा विणकर, घरी सांगून आलो नाही, असे तो म्हणाला. याने त्याला जेवू घातले, थंडी आहे म्हणून आपला कोट दिला, नवी नोकरी लागेल म्हणून हातात घड्याळ बांधले, गुंगीचे औषध घातलेली दारू पाजली आणि गाडीच्या वेळेला रुळावर नेऊन निजवले.

"ते घर का केलंस?" मी विचारले.

"आठवण यायची," तो म्हणाला. "अक्काची."

मी कितीतरी खुनी बघितले, पण या उत्तरासारखा धक्का मला कुणी दिला नाही. कागदाच्या मुलीचे जळके केस नीट बसवताना या माणसाचा हात किती जपून चालला असेल, आणि याच हाताने त्याने जिवंत माणसाची मान रुळावर ठेवली होती. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. पुढे मॅजिस्ट्रेटसमोर त्याने हेच सांगितले आणि त्याला जन्मठेप झाली.

पण त्याआधी त्याच्या पहिल्या बायकोला कळवायचे होते. ती उदबत्त्या वळून पोट भरत होती. मी गेलो तेव्हा पाट मांडीवर होता आणि हात कोळशाच्या लगद्याने काळे. डाव्या कानाने तिला ऐकू येत नव्हते, म्हणून मी उजवीकडे बसलो. नवरा जिवंत आहे हे सांगताना मी शब्द तोलत होतो.

ती हात पुशीत म्हणाली, "माहीत आहे."

माझा विश्वास बसेना. "कधीपासून?"

"प्रेत दाखवलं तेव्हापासून. त्याच्या पायावर डाग नव्हता."

"मग नवरा म्हणून ओळख का दिलीत?"

तिने डाव्या कानाला हात लावला. "हे त्यांचं काम. अक्कांना यातलं काही माहीत नाही, त्यांना भाऊ फार गुणाचा वाटतो. मला वाटलं, ते पळून गेलेत. मी नाही म्हटलं तर तुम्ही लोक त्यांना शोधून घरी आणाल. सरी, असू दे म्हटलं, तेच आहेत. कुंकू पुसलं, त्या रात्री मी पहिल्यांदा निवांत झोपले, साहेब."

नवऱ्याने त्या माणसाला मारले असेल, हे तिच्या मनातही आले नव्हते. मी ते सांगितले तेव्हा मात्र ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, "त्या मेलेल्या माणसाच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. त्याचं घर शोधायला उपयोग होईल." वरिष्ठांनी पुढे तिला साक्षीदार केले, आरोपी केले नाही. मला ते बरोबर वाटले.

त्या करंगळीवरून आम्ही आनेकलला विणकरांच्या गल्लीत पोहोचलो. एक म्हातारा मागावर बसला होता. वाकड्या करंगळीचे विचारताच त्याने धोटा खाली ठेवला. "मागात सापडून मोडली होती. माझा मुलगा. रागावून गेला. सापडला का?"

त्याला काय आणि कसे सांगितले, ते इथे लिहीत नाही. सगळे ऐकून त्याने एकच विचारले. "अग्नी कुणी दिला?"

तम्माच्या पहिल्या बायकोच्या घरी मीच त्याला नेले. ती दारात उभी होती, म्हातारा पायरीवर बसला. दोघे कानडीत बोलत होते. अग्नी आपल्या भाच्याने दिला, असे तिने सांगितले. सगळे रीतसर केले. आणि दर वर्षी त्या तिथीला ती पान वाढत असे.

"माझ्या नवऱ्यासाठी नाही," ती म्हणाली. "ते जिवंत होते ना. त्या माणसाला दुसरं कोण वाढणार, म्हणून. नाव माहीत नव्हतं. खीर करत होते."

म्हाताऱ्याने मान वर केली. मग हळूच म्हणाला, "त्याला गोड आवडत नव्हतं, अम्मा. हुलग्याचं सार आवडायचं."

"अय्यो," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी रस्त्याच्या कडेला जीपपाशी जाऊन उभा राहिलो. त्यानंतर माझ्या ठाण्यात कितीतरी अनोळखी प्रेते आली. आमच्या कागदात त्यांना बेवारस म्हणतात. शिपाई तो शब्द लिहायला लागला की मी त्याला थांबवायचो आणि म्हणायचो, आधी आसपासच्या गावांत विचारून ये, कुणाचं माणूस घरी परतलेलं नाही.