दोन्ही भिंतींना हात पोचेल अशी व्हॅन

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अण्णानं आमच्या सायकलीला पुठ्ठा बांधला. त्यावर स्केचपेननं वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सायकल विकणे आहे'. त्याच दिवशी मी व्हॅन घ्यायचं ठरवलं. लोक विचारतात, बाई, चाळिशी ओलांडल्यावर हे व्हॅनचं खूळ कुठनं आलं? तर ते त्या पुठ्ठ्यापासनं आलं.

अण्णा माझा थोरला भाऊ. बेळगावच्या वडगावात राहतो, माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडं. तीस वर्षं यंत्रमागावर साड्या विणल्या आणि दर रविवारी सायकल मारली. चार वर्षांपूर्वी त्याची नजर कडेनं आत आत यायला लागली. आता त्याला नळीतनं बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं, आणि डॉक्टर म्हणतात की नळी अजून बारीक होणार. मी गप्प बसणारी नव्हे. खासबागेतल्या एका वेल्डरकडनं दोन जुन्या सायकली जोडून एक लांबलचक डबल सायकल करून घेतली. पुढं मी, मागं तो. झकास चाललं होतं. मग आम्ही एकदा बाहेरगावी लॉजवर उतरलो. अनोळखी खोली, न्हाणीचा उंबरा दिसला नाही, आणि अण्णा तोंडावर पडला. हनुवटीला पाच टाके. त्यानंतर त्यानं सांगून टाकलं की आपलं घर सोडून कुठं झोपणार नाही, आणि मुक्कामच नसेल तर सायकल तरी कशाला. मी म्हटलं, खोलीच बरोबर घेऊन जाऊया. तो म्हणाला, "बग. मला झोपता आलं तर येतो. न्हायतर पुठ्ठा हाय तितंच."

तर आमची शोधयात्रा एका शनिवारी सकाळी निघाली, नवऱ्याची जुनी कार घेऊन. शिरा-उप्पीट खाल्लं आणि आधी गेलो पिरनवाडीला. तिथं एका गॅरेजात निकामी झालेली रुग्णवाहिका होती. लांब, उंच, आत उभं राहता येतं, डबल सायकल आरामात बसेल. मी तर मनात पडदेसुद्धा लावले. अण्णानं आत पाय ठेवला, स्ट्रेचरच्या रुळांवर हात फिरवला आणि मालकाला शांतपणे विचारलं की ह्यात झोपलेली माणसं पुढं उठली का. मालक हसायचं की नाही या विचारात पडला. आम्ही बाहेर आलो. तुम्ही असली गाडी बघायला गेलात तर कागद नीट बघा, एवढंच सांगते. खाजगी वापरासाठी नोंद बदलून घ्यायची तर हेलपाटे फार.

तिथनं उचगावला. शाळेची मुलं नेणारी व्हॅन, पण रंग असा काढलेला की त्यात बघून कुंकू लावावं. मी भुललेच. विकणारा इंजिन किती छान ते सांगत होता आणि अण्णा गाडीच्या अंगावरनं अंगठा फिरवत चालला होता. मागच्या चाकाच्या वर थांबला. पुढं गेला, परत आला. ताग्यातला दोष तो असाच शोधायचा, डोळे दुसरीकडं आणि अंगठा कापडावर.

"हितं रफू केलंय," तो म्हणाला.

मी वाकून बघितलं तर काहीच दिसेना. खिशातलं चुंबक लावलं, तर ते चिकटेना. आत पत्रा नव्हताच, नुसती पुट्टी. सांगायची गोष्ट म्हणजे, जुनी गाडी बघायला जाताना छोटं चुंबक जरूर न्या, दहा-वीस रुपयांत मिळतं. आणि गॅस किट बसवलेली गाडी झोपायला घेऊ नका. त्या व्हॅनमध्ये टाकी बरोबर उशीच्या जागी होती.

पुढचे दोन रविवार असेच गेले. मी मोठ्या गाड्या शोधायची, टेप लावून मापं घ्यायची, आणि अण्णा प्रत्येक गाडीत चढून दोन मिनिटांत उतरायचा. का नको, ते काही सांगेना. माझा पारा चढायला लागला. एकदा परत येताना मी म्हटलंही, तुला जायचंच नाही, तू नुसता नाटकं करतोस. तो बाहेर बघत बसला. त्याला बाहेरचं काय दिसत होतं कुणास ठाऊक. बोलले ते बोलले, पण घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

म्हणून निपाणीला जाताना मी मनाशी ठरवलं होतं, हे शेवटचं. ओळखीतनं कळलं होतं की एका आप्पांची व्हॅन द्यायची आहे. बेळगावहून निपाणी पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर. महामार्गाचं काम चालू असल्यानं मधूनमधून सेवारस्त्यावर वळवतात, त्यामुळं दोन तास धरून चाला. टोल एकच. संकेश्वरला थांबून चहा घेतला. सरहद्दीजवळ गाडी घेणाऱ्यांनी नंबर आधी बघावा. महाराष्ट्र पासिंगची गाडी स्वस्त वाटते, पण मग ना-हरकत दाखला, इकडचा कर, सगळं मागं लागतं. ही गाडी चिकोडी पासिंगची, म्हणजे कर्नाटकातलीच होती, म्हणून मला थोडा धीर होता.

आणि गाडी बघितल्यावर तो धीर गेला. एवढीशी! लहान पांढरी व्हॅन, पांढरा रंगही पिवळट पडलेला. दार सरकवलं आणि मला शिंका सुरू झाल्या. आठ, नऊ, दहा. आप्पा ओशाळून हसले. ते आणि त्यांची बायको, सगळे त्यांना आक्का म्हणतात, बारा वर्षं या गाडीतनं आठवडी बाजारांना मिरची विकत फिरले. लांबचा बाजार असला की आदल्या संध्याकाळी जायचं, गाडीतच झोपायचं, पहाटे जागा धरायची. आता आक्कांचे गुडघे गेले, म्हणून गाडी द्यायची. मी नाक पुसत टेप बाहेर काढली. आत डबल सायकल बसणं शक्यच नव्हतं, उभं राहणं तर सोडाच. निघूया, असं मी अण्णाला म्हणणार, तर अण्णा आत जाऊन बसला होता.

त्यानं दोन्ही हात पसरले. कोपरं जराशी वाकवली आणि तळवे दोन्ही बाजूंच्या पत्र्याला टेकले. मग तो आडवा झाला. पायाचा अंगठा मागच्या दाराला लागतो का बघितलं. डोकं पुढच्या सीटला लागतं का बघितलं. आणि तसाच पडून राहिला.

मी विचारलं, "अरं, उठतोस का आता?"

"सुधे, तू बघत होतीस त्या गाड्या लई मोकळ्या हुत्या गं," तो आतनं म्हणाला. "मला मोकळं नको. मला हाताला लागंल असं पायजे."

मी तिथंच टेप गुंडाळत उभी राहिले. चार आठवडे मी त्याच्यासाठी डोळ्यांनी गाडी शोधत होते. उंची, उजेड, ऐसपैस जागा. लॉजवरची ती खोली चांगली ऐसपैसच होती, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मागावरचा अण्णा मला आठवला, धोटा इकडं, कात्री तिकडं, सगळं हातभर अंतरात. मला माझीच लाज वाटली.

अण्णाच्या डोळ्यांबद्दल मी कुठल्याच विकणाऱ्याला सांगितलं नव्हतं, फसवतील म्हणून. आप्पांनाही सांगितलं नाही. पण आक्का अंगणातनं बघत होत्या. त्या गुडघ्यावर हात देत उठल्या, गाडीशी आल्या, दाराच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी अण्णाचा हात हातात घेतला. हात नेऊन एका कप्प्यात ठेवला.

"ही आगपेटीची जागा," त्या म्हणाल्या. "हितं कंदिलाचा हूक. पाण्याचा तांब्या ह्या कोपऱ्यात, कलंडत न्हाय. बारा वर्सं कशाचीबी जागा बदलली न्हाय बगा. अंधारात हात घातला की वस्तू हातात."

अण्णानं सगळ्या जागा परत एकदा आपल्या आपण चाचपल्या, ओळीनं. दुसऱ्या खेपेला एकही चुकली नाही. आक्का मान हलवत होत्या आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीनं आलं असं सांगायची सोय होती, मी तेच सांगितलं.

मग आम्ही व्यवहाराचं बोललो. गाडी एक लाख पंचेचाळीसला ठरली, आप्पांनी पाच हजार न मागता सोडले. अण्णानं इंजिन चालू करायला लावून पाच मिनिटं कान दिला, आणि एक पट्टा बदलावा लागेल म्हणाला. आप्पा म्हणाले, तो बदलायचाच राहिलाय. जेवल्याशिवाय सोडणार नव्हतेच. जोंधळ्याची भाकरी, झुणका, खर्डा, वर ताक. जेवताना आप्पांनी गाडीत झोपण्याच्या युक्त्या सांगितल्या, त्या जशाच्या तशा देते. डोकं चढाच्या बाजूला करायचं. दोन्हीकडच्या काचा बोटभर उघड्या ठेवायच्या, थंडी कितीही असो. चाकाला दगड लावायचा, ब्रेकवर विश्वासायचं नाही. आणि झाडाखाली लावायची असेल तर आधी वर बघायचं, वाळकी फांदी आहे का.

कागदांचं आटोपून पुढच्या आठवड्यात गाडी न्यायला गेलो, तेव्हा आक्कांनी बॉनेटला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पदर डोळ्यांना लावला. अण्णाला म्हणाल्या, "नीट ऱ्हावा दोघंबी." म्हणजे अण्णा आणि गाडी. मला कुणी काही म्हणालं नाही.

गाडीत फळीचं अंथरूण, वर सायकलीसाठी कॅरिअर, असं सगळं चौदा हजारांत झालं. डबल सायकल आत मावत नाही, पण दोघांनी दोन टोकं धरली की टपावर जाते. मी गाडी शांपूनं धुवून वास घालवायला निघाले होते, पण अण्णानं अडवलं. म्हणाला, वास असू दे, दार उघडं ठेवलंस तर मला गाडी सापडत जाईल. आता मला दर खेपेला तीन शिंका ठरलेल्या आहेत.

पहिला मुक्काम जांबोटीला. निघायच्या वेळी अण्णा काखेत काहीतरी मारून आला. मागच्या काचेतनं ऊन डोळ्यांवर येतं, पडदा आखूड पडलाय, म्हणून लावायला आणलंय म्हणाला. मी घाईत होते, बघितलंच नाही. पिरनवाडीवरनं किणये, आणि पुढं झाडी लागते. रस्ता अरुंद, खड्डे आहेत, पण वाहनं कमी आणि डबल सायकलीला तेच हवं. एस्टीचा भरवसा नाही, स्वतःचं वाहन असलेलं बरं. जंगलात कुठंही गाडी लावू नका. आम्ही एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या खळ्यात लावली. त्यानं पैसे घेतले नाहीत, दूध मात्र आम्ही विकत घेतलं.

सायकल काढून दहा किलोमीटर गेलो आलो. मागनं अण्णा सांगायचा, आता चढ लागतोय, गिअर टाक. मला दिसायच्या आधी त्याच्या पायांना कळायचं. एका उताराला तो मागं मोठ्यानं हसला, आणि ते हसणं मी कितीतरी महिन्यांनी ऐकलं.

परत आल्यावर मी शेतकऱ्याच्या घरी दूध आणायला गेले. येताना बघते तर अण्णा एकटाच खळ्याच्या टोकाला, नळाशी तोंड धुवून निघालेला. गाडी पन्नास-साठ पावलांवर. हाक माझ्या ओठांवर आली होती. मी ती गिळली आणि दुधाची किटली धरून उभी राहिले. तो चार पावलं बरोबर चालला, मग गवताच्या गंजीकडं वळला. हात लावला, गंजी आहे हे कळलं, थांबला. तोंड वाऱ्याकडं केलं. वळला. सावकाश आला आणि त्याचा तळवा दाराच्या कडेला लागला. आत बसून त्यानं कप्प्यात हात घातला आणि आगपेटी काढून बाहेरच्या स्टोव्हजवळ ठेवली. मग आडवा झाला. मी पोचेपर्यंत घोरत होता, भर दुपारी, घराबाहेर. मी खाली दगडावर बसून पोटभर रडले आणि मग चहा केला.

रविवारी संध्याकाळी वडगावात परतलो. दोन दिवसांचा खर्च, पेट्रोल आणि खाणं धरून हजाराच्या आसपास. माझ्या पाठीत उसण भरली होती, अंथरूण आणखी जाड करायला हवं. अशी गाडी घेऊ का विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगीन की मापं घ्या, चुंबक लावा, पण शेवटी ज्याला झोपायचं आहे त्याला आत झोपवून बघा, आणि तो काय म्हणतो ते ऐका. हे मला चार आठवडे उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णाकडं गेले तर गाडी दारात होती आणि शेजारच्या गल्लीतला एकजण मागच्या काचेशी वाकून उभा. काचेला आतनं तोच पुठ्ठा लावलेला होता, अक्षरं बाहेर. त्या माणसानं अण्णाला विचारलं, टपावरची सायकल केवढ्याला देणार?

अण्णा पायरीवर बसून चहा पीत होता. "विकायची न्हाय," तो म्हणाला. "ते उन्हासाठी लावलंय."