पाच पाकळ्यांचा झेंडू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी, तोही वनस्पतिशास्त्र घेऊन. हे अजूनही ताठ मानेनं सांगतो. पण त्याच डिग्रीच्या जोरावर मी बाबांशी — थांबा, आधी झेंडूचं सांगतो.

बाबा गिरणीत होते. रामटेकच्या वाटेवर त्यांना एकदा रानझेंडूचं झाड दिसलं. नखाएवढं फूल, पाचच पाकळ्या, वास मात्र हाताला दिवसभर राहणारा. पुन्हा गेले तर तिथं रस्त्याचं काम निघालेलं. उरलं ते खिशात आणलेलं बी. ते दरवर्षी अंगणात लावायचे. शेजारच्या मावशींकडे बाजारातला टपोरा झेंडू होता. मधमाशी तिकडून इकडे आली की बी बिघडणार. म्हणून बियांसाठी ठेवलेल्या कळ्यांना बाबा जुन्या धोतराच्या चिंध्या बांधायचे. कुठं शिकले होते? कुठंच नाही.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो — एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. वर्गातला एकजण घरी आला आणि हसला, "काहून गा, फुलाले मार लागला का? पट्ट्या बांधून राहिले!"

दसऱ्याला बाबा तीन दिवस दीक्षाभूमीवर पाणी वाटायला गेले. त्यातच एक दिवस सगळे मित्र चहाला यायचे होते. मी चिंध्या सोडल्या. बाबा परतायच्या सकाळी पुन्हा बांधल्या, तशाच गाठी मारून. काय होईल ते मला माहीत नव्हतं? परागीभवनावर पेपर लिहिला होता मी.

पुढच्या वर्षी एकाही रोपाला पाच पाकळ्या आल्या नाहीत. सगळी फुलं भरगच्च, मावशींच्या झेंडूसारखी. जुनं बी शिल्लक नव्हतं. बाबा वाफ्याशी बराच वेळ बसले. मग म्हणाले, "तू शिकला हायेस, बेटा. सांग मले, काहून असं झालं?"

मी म्हणालो, माती खराब झाली.

त्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? मुलगा ग्रॅज्युएट होता ना. आठवडाभर गिरणीतून आल्यावर ते जुनी माती उपसत होते, डोक्यावर घमेल्यानं नवी आणत होते. मी खिडकीतून पाहत होतो. नंतरही तशीच फुलं आली, तेव्हा मावशींना म्हणाले, "माझ्याच हाताचा गुण गेला, बाई." त्यानंतर त्यांनी अंगणात काही लावलं नाही.

माती चांगली होती. चिंध्या मी सोडल्या होत्या.