अप्पांचा गुलबर्ग्याचा रस्ता

घराबाहेर पाऊल टाकण्याआधीच सगळा प्रवास करून मोकळा झालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. निजामाच्या राज्यातले ते दिवस. बिदरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची तुरीची आडत होती, जवळच मैलूरला घर होतं आणि शाळेपायी मी त्या घरी राहत होतो. सारा गंज त्यांना अप्पा म्हणे. अप्पांना मावशीला घेऊन गुलबर्ग्याला जायचं होतं. तिची थोरली बहीण, अक्का, तिथं दिलेली. आणि दोघी बहिणींची गाठ पडून कैक वर्षं लोटली होती.

पण जायचं ते जुन्या शाही रस्त्यानंच, हा अप्पांचा हट्ट. बहामनी सुलतानांनी गुलबर्ग्याहून राजधानी बिदरला हलवली, ती ज्या वाटेनं आली म्हणतात त्याच वाटेनं हे उलटे जाणार. "आख्खी राजधानी हलवली म्हंजे तयारी केवढी केली असंल!" असं ते इतक्या अभिमानानं सांगत, की सुलतान निघण्यापूर्वी आमच्या आडतीवर येऊन सल्ला घेऊन गेला असावा असं वाटे. "रस्ता म्हंजे सोयरा. चौकशी केल्याबिगर सोयरीक करायची न्हाई," हे त्यांचं दुसरं वचन. गुलबर्ग्याकडची बैलगाडी गंजात लागली की तुरीचा भाव राहायचा बाजूला. आधी गाडीवानाला गूळपाणी, मग उलटतपासणी. हुमनाबादच्या विहिरीचं पाणी गोडं का मचूळ? कमलापूरच्या चढाला बैल दमतात का? एकदा एक गाडीवान वैतागून म्हणाला, "अप्पा, तुमी रस्त्यानं जायलाव का रस्ता इकत घ्यायलाव?" अप्पा रागावले नाहीत. त्याला आणखी गूळ दिला.

रात्री जेवताना ती सगळी माहिती आम्हाला ऐकवली जाई. मावशी मान खाली घालून वाढत राही. ती ऐकते की नाही, याची अप्पांनी कधी काळजी केली नाही. एका उन्हाळ्यात तर त्यांनी तालीमच घेतली. अंगणात पोती मांडून मोटारीतल्यासारखं आम्हाला बसवलं, दशम्यांची शिदोरी मावशीच्या मांडीवर दिली आणि स्वतः पुढं बसले. बऱ्याच वेळानं जाहीर केलं, "हुमनाबाद आलं. उतरा." आम्ही तुळशीजवळ उतरून दशम्या खाल्ल्या. पुन्हा पोत्यावर बसताना मावशी म्हणाली, "अजून गुलबर्गा किती लांब हाय? माझं जात्यावर दळण पडलंय."

अशानं वर्षं गेली. कधी अधिक महिना आडवा यायचा, कधी चिखल, कधी काहीच नाही. मग एका सकाळी गुलबर्ग्याचा एक ओळखीचा व्यापारी दारात आला. "अक्कांनी अंथरूण धरलंय. सारखं बहिणीचं नाव घ्यायल्यात." मावशी भाकरी थापत होती. भाकरी परातीतच राहिली. अप्पांनी तिच्याकडं पाहिलं आणि खुंटीवरची टोपी उचलली.

"चल."

"कसलीच तयारी न्हाई की," मावशी म्हणाली.

"न्हाई तर न्हाई."

गंजातून तुरीची एक लॉरी निघायलाच आली होती. मावशीला ड्रायव्हरशेजारी बसवून अप्पा आणि मी मागं पोत्यांवर चढलो. हुमनाबाद आलं आणि गेलं, अप्पांनी मान वर केली नाही. कमलापूरचा चढ जवळ आला तेव्हा इंजिनातून वाफ निघायला लागली. ड्रायव्हर खाली उतरला. "अप्पा, पानी मिलेगा क्या इधर?"

या एका प्रश्नासाठी अप्पा निम्मं आयुष्य जगले होते. त्यांनी तोंड उघडलं, इकडंतिकडं बघितलं. "हाय की... इथंच कुठंतरी हाय..." पुढं काही आठवेना. हातातली टोपी पिळवटत ते उभे राहिले. तेवढ्यात पुढून मावशीचा शांत आवाज आला, "चढाच्या अलीकडं, डाव्या हाताला, चिंचेखाली विहीर हाय. पाणी गोडं हाय."

विहीर तिथंच होती.

आम्ही पोचलो तेव्हा अक्का तापानं फणफणली होती, पण शुद्धीवर होती. मावशीचा हात धरून म्हणाली, "कामून गं इतका उशीर केलीस?" मावशी नुसतीच रडत होती. उत्तर उंबऱ्यापाशी उभ्या अप्पांनी दिलं. "तिचं काही न्हाई, अक्का. मी रस्ता इचारत बसलतो."

अक्कानं डोळे मिटूनच विचारलं, "मग, घावला का?"

"व्हय," अप्पा म्हणाले. मग तेही रडले.

अक्का त्या दुखण्यातून उठली. ती अंगणात हिंडू लागेपर्यंत आम्ही राहिलो आणि परतीच्या लॉरीत तिघांनाही पुढं बसायला जागा मिळाली. कमलापूरला अप्पांनी तांबड्या केळ्यांचा अख्खा घड घेतला. सगळ्या वाटेनं मावशी बोलत होती. लहानपणी अक्कानं तिला खांद्यावर घेऊन ओढा कसा ओलांडला, बोरं चोरताना दोघी कशा सापडल्या, अक्काच्या लग्नात ती किती रुसली. तिला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि अप्पांनीही ऐकलं नसावं. ते केळं सोलायचं विसरून ऐकत होते. लांबवर बिदरच्या किल्ल्याचे बुरूज दिसायला लागले, तसे ते ड्रायव्हरकडं झुकून हलक्या आवाजात म्हणाले, "जरा सावकाश घे, बाबा."