पायाळू मॅडम आणि बुजलेली बारव

साखऱ्याच्या शाळेत मी इतिहास शिकवते. इतिहासाच्या बाईनं उंबराची बेचकी धरून अनवाणी फिरावं हे मलाच पटत नव्हतं. पण सरपंचांनी वेळच तशी आणली होती. काळ्या दगडाच्या जुन्या देवळापुढं सोमवारी सिमेंटचे गट्टू बसणार होते, आणि त्या आवारात कुठंतरी जुनी बारव, पायऱ्यांची विहीर, बुजलेली होती. "जागा दाखवा, तेवढी सोडतो," सरपंच म्हणाले. "अख्खं आवार कोन उकरत बसंल?"

गावात एक म्हातारे पाणाडी मामा होते, बेचकीनं जमिनीखालचं पाणी सांगणारे. त्यांनी दाखवलेले दोन बोअर लागोपाठ कोरडे गेले, तेव्हापासून त्यांना कुणी विचारत नव्हतं. मी गेले, तर मामांनी मला खालून वर न्याहाळलं. "मॅडम, तुमी पायाळू हायत का?"

पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला. त्याला जमिनीतलं कळतं म्हणतात, आणि त्याच्यावर वीज पडते असंही. लहानपणी ढग गडगडले की आई "पायाळू आहे गं बाई!" म्हणत मला आणि भावाला ओढून घरात न्यायची. मी ठासून हो म्हटलं. दुपारपर्यंत मामांनी ते गावभर केलं.

मग शिकवणी सुरू झाली. चपला बाहेर, कोपरं बरगडीला, तळवे आभाळाकडं. बेचकी पहिल्याच दिवशी झुकली. मी ओरडले, लोक धावले, खणलं. प्लास्टिकचा पाइप निघाला.

"मॅडमनी नळयोजना शोधली," मामा गंभीरपणे म्हणाले. "बराबर हाय. पानी तर हायेच."

दुसऱ्या दिवशी बेचकी माझ्या मनात येईल तिथं झुकायला लागली. "तुमी तिला इचारून न्हाई, सांगून राहिल्या," मामांनी झापलं. शाळेत मी पोरांना हेच ऐकवते, त्यामुळं जास्तच लागलं. रोज सरावाला ते मला पिंपळाकडून देवळाच्या मागच्या कोपऱ्याकडं चालवायचे आणि तिथं पोचलं की उगीच खाकरायचे. म्हाताऱ्या माणसाचा खोकला, मला वाटलं.

रविवारी त्याच कोपऱ्यात बेचकी अशी खाली गेली की मनगट दुखलं. आधी पाइप निघाला होता, तरी लोक कुरकुरले नाहीत. पायाळू मॅडम सांगतात म्हटल्यावर कुदळी चालल्या. कमरेएवढ्या खड्ड्यात घडीव काळ्या दगडाची पायरी लागली. मला रडूच आलं. सरपंचांनी तिथल्या तिथं चुन्याची रेघ मारून जागा सोडली.

मी तिथूनच आईला फोन लावला.

"तू कशाची पायाळू?" आई म्हणाली. "पायाळू तुझा भाऊ. तू डोक्याकडून आलीस, तीही बोंबलत."

माझं तोंड एवढंसं झालं. मामांना बाजूला घेऊन मी कबुली दिली. ते हसले, मग पायरीकडं पाहत राहिले.

"लहानपनी मेंढ्या पाजायला याच पायऱ्यांनी उतरायचो मी. सरपंचाला तीनदा सांगलं, हितं हाय म्हनून. त्यो म्हने, तुझे बोअर पाह्यले." त्यांनी माझ्या हातातली बेचकी काढून घेतली. "माझं कोन ऐकतंय?"

मला माझीच लाज वाटली. चार दिवस मी जमिनीला विचारत होते आणि ज्याला माहीत होतं तो शेजारी चालत होता. मी सरपंचांकडं वळले, खरं सांगून टाकावं म्हणून. मामांनी बेचकी माझ्यापुढं आडवी धरली.

"आत्ता नका सांगू, मॅडम. खालच्या पायऱ्या निघू द्या."