दामोदर सरांचा खोकला

भात झोडलं की दाण्यापेक्षा पेंढाच जास्त उरतो. संघ निवडण्याचंही तसंच! संघ वर्षाला एकच निघतो, किस्से मात्र घरभर होतात. आमच्या ह्यांनी तर परवा तंबीच दिली, "जेवताना बेसबॉल नको." आता जेवण झालंय, म्हणून सांगते.

मी शहापूरला शाळेत खेळ शिकवते. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या मुलींमधून बेसबॉलचा एक निवडक संघ काढायचा आणि जिल्ह्याच्या सामन्यांना न्यायचा, हे काम आम्हा तिघांकडे असतं. शहापूरकडून मी, मुरबाडकडून दामोदर सर. तिसरे रघुकाका, कसाऱ्याचे, रेल्वेतून रिटायर झालेले.

रघुकाकांच्या नावाला दामोदर सरांनी पहिल्याच बैठकीत हरकत घेतली. "कसारा शहापूर तालुक्यातच येतो! मंग हे तुमचेच झाले की!"

काका शांतपणे म्हणाले, "मी रेल्वेचा माणूस. रेल्वेला तालुका नसतो."

"आमच्या मुरबाडला रेल्वेच नाय!"

"मंग तर तुमच्याशी माझं भांडणाचं कारणच नाय, सर!"

काका बिनविरोध निवडून आले.

*

आमच्या मुलींच्या हाडात क्रिकेट. गल्लीत भावांबरोबर खेळून मोठ्या झालेल्या. बेसबॉलमध्ये चेंडू टोलवला की बॅट टाकून द्यायची आणि पहिल्या बेसकडे पळायचं, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, असं फिरून घरी, म्हणजे निघालो त्या जागी, यायचं. हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं होतं.

शहापूरच्या मैदानात चाचणीच्या पहिल्या दिवशी पहिल्याच मुलीनं सणसणीत टोला मारला. बॅट हातातच. पळत गेली, पहिल्या बेसला बॅट टेकवली, गर्रकन वळली आणि होती तिथं परत आली!

"बाई, दोन झाले!"

"अगं, पुढं पळायचं, पुढं!"

"पुढं कशी पळू? समोरून पार्टनरच येत नाय!"

तेवढ्यात बांधावर बसलेल्या एका आजोबांनी टोलवणारीच्या मागे चेंडू धरायला बसलेल्या कॅचरच्या तोंडावरची जाळी पाहिली आणि मला हाक मारली. "ओ बाई, त्या पोरीला कशापाय कोंडलंय? तिनं काय केलं?"

*

निवडीत वशिला नको, म्हणून दामोदर सरांनीच एक नियम काढला. आपल्या तालुक्यातल्या मुलीबद्दल निवडणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. शहापूरच्या मुलींबद्दल सर बोलणार, मुरबाडच्या मुलींबद्दल मी. नियम झकास होता. पण बोलायचं नाही म्हटलं, खोकायचं नाही असं कुठं म्हटलं होतं?

मुरबाडच्या मुलीनं चांगला फटका मारला की सरांना खोकला! चांगला झेल घेतला की मोठा खोकला! चहाच्या वेळी रघुकाकांनी कंटाळून विचारलं, "सर, तुमच्या अख्ख्या तालुक्याला अडुळशाचा काढा पाठवू काय?"

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. मुरबाडची वैशाली कॅचर म्हणून बसली की सर अजिबात खोकत नव्हते. तिनं एकाहून एक अवघड चेंडू धरले, आणि सर आपले पलीकडे चरणाऱ्या शेळ्यांकडे बघत राहिले.

वैशाली सरांची मुलगी.

*

डोंगरातल्या एका पाड्यावरून एक मामा जीप भरून माणसं घेऊन आले. भाचीला पाठिंबा द्यायला! भाचीच्या हातून चेंडू सुटला तरी जीपभर टाळ्या. मामांच्या काखेत एक गावठी कोंबडाही होता. "बाई, तसं काय नाय हां. आपला सहज आणला."

मी नको नको म्हणत होते, तेवढ्यात कोंबडाच निसटला आणि थेट मैदानात घुसला. चाचणी राहिली बाजूला! मुली मागे, कोंबडा पुढे. तो दुसऱ्या बेसवरून तिसऱ्याकडे निघाला असताना पायल नावाची एक मुलगी आडवी झेपावली आणि धुळीसकट त्याला छातीशी धरून उठली.

रघुकाका खुर्चीवरून ताडकन उभे राहिले. दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली जागा, जिथं सुसाट येणारा चेंडू अडवावा लागतो, ती आम्हाला दोन दिवस भरता येत नव्हती. काका ओरडले, "ती जागा भरली!"

मामांचा चेहरा पडला. "म्हणजे कोंबडा माझा आन् नंबर हिचा?"

कोंबडा मामांबरोबरच परत गेला, जीपमध्ये, खिडकीशी.

*

दामोदर सर माणूस सोन्यासारखा, पण तत्त्वाचा भारी पक्का. वैशाली खेळायला लागली त्याच दिवशी त्यांनी तिला बजावलं होतं, "मैदानात पाय ठेवला की तुला बाप नाय. मी सर. कळलं?" पोरगी त्यांच्यावरच गेलेली. तेव्हापासून तिनं मैदानात कधी "बाबा" म्हटलं नाही. सामना किंवा चाचणी संपली की सर मोटरसायकलवर एकटे घरी जायचे आणि वैशाली स्टँडवर जीप भरायची वाट बघत बसायची. मागच्या सीटवर बसवलं तर लोक काय म्हणतील!

सरांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, हे फार दिवस सहन केलं. मग एकदा सर घरी आले आणि ताट मागितलं, तर वहिनी पदर खोचून दारात उभ्या. "लेक अजून जीपमंदी हाय. ती आली का जेवाल. मैदानात ती तुमची कोण नाय ना? मंग भाकरी पण मैदानातच खा जा!"

हे मला वहिनींनीच सांगितलं, आणि सांगताना हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, तिला घेऊ नका असं हे स्वतःच म्हणतील, बघा. लोकांच्या भ्यानं."

*

आणि झालंही तसंच. सगळा संघ ठरला, एक कॅचर राहिली. एका बाजूला वैशाली, दुसरीकडे माझ्याच शाळेची रेश्मा. आता नियमाची गंमत बघा! सर रेश्माचं कौतुक करायला लागले, आणि मी वैशालीचं. सर माझ्या पोरीसाठी टेबल बडवतायत, मी त्यांच्या पोरीसाठी!

रघुकाकांनी डोक्याला हात लावला. "अरे, तुमी दोघं नीट भांडा ना! असलं उलटं भांडण मी जन्मात नाय बघितलं."

शेवटी काकांनीच मार्ग काढला. पायलला पहिल्या बेसवर उभं केलं. तिनं दुसऱ्या बेसकडे पळायचं, आणि कॅचरनं बसल्या जागेवरून चेंडू फेकून तिच्या आधी तिथं पोचवायचा. रेश्माचा चेंडू पोचला तेव्हा पायल बेसवर उभी राहून कपडे झटकत होती. वैशालीचा चेंडू पोचला तेव्हा पायल अजून वाटेतच होती. पुन्हा पळवली. पुन्हा तेच!

"वारा होता," दामोदर सर म्हणाले. "ती नको. लोकं बोलतील, घरचीच—"

"सर," मी म्हटलं, "मुरबाडच्या मुलीबद्दल तुम्ही बोलायचं नाही. नियम तुमचाच आहे."

काका म्हणाले, "ठराव मंजूर!" रेश्मानं स्वतःची जाळी काढून वैशालीच्या हातात दिली. मला त्या क्षणी दोघींचाही फार अभिमान वाटला.

*

संघ जाहीर करायचा मान दामोदर सरांचा. त्यांची एक पद्धत आहे. नुसतं नाव वाचून ते कोणाला सोडत नाहीत. खेळाडूनं चार पावलं पुढं यायचं, ताठ उभं राहायचं, आणि सर विचारतील त्याचं उत्तर सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं द्यायचं. नाव, गाव आणि वडलांचं नाव. सर म्हणतात, बापानं शेतात उभं राहून ऐकलं पाहिजे.

त्या दिवशी मैदानात बरीच माणसं जमली होती. वहिनीसुद्धा आल्या होत्या, मागे कडुनिंबाखाली उभ्या. मामा आले होते, या वेळी कोंबड्याशिवाय. पायलनं वडलांचं नाव असं ठणकावून सांगितलं की बांधावरचे आजोबा दचकले.

सगळ्यात शेवटी वैशाली पुढं आली. ताठ उभी राहिली. सरांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "नाव?"

"वैशाली!"

"गाव?"

"मुरबाड!"

सर जरा थांबले. पण पद्धत म्हणजे पद्धत. "वडलांचं नाव?"

कडुनिंबाखालच्या वहिनी टाचा उंचावून बघायला लागल्या.

"मैदानात नाय सांगता येत, सर," वैशाली म्हणाली. "घरी गेल्यावर सांगते."

आणि दामोदर सरांना खोकला आला.